शापित ममीमागचा भला माणूस

धावपळ नाही, रक्तपात नाही. इजिप्तमधल्या उत्खननाच्या छावणीत रात्रीच्या वेळी एक तरुण संशोधक जुनी गुंडाळी उलगडून त्यावरची अक्षरे ओठांतल्या ओठांत वाचतो आहे. त्याच्या मागे उभ्या शवपेटीतल्या ममीचे डोळे हळूच किलकिले होतात. वाळका हात पुढे येऊन गुंडाळी उचलतो. मग दिसते ती फक्त दाराबाहेर सरपटत गेलेली कापडाची पट्टी, आणि ऐकू येते त्या तरुणाचे वेड लागल्यासारखे हसणे. ‘द ममी’ हा चित्रपट १९३२ साली आला. पुरातन शापांवरचे भयपट त्यानंतर उदंड निघाले. पण त्या सगळ्यांचा मूळपुरुष हाच. आणि त्या पट्ट्यांच्या आत होता बोरिस कार्लोफ.

हे नाव रशियन वाटते खरे, पण माणूस लंडनचा. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या या मुलाचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. नऊ भावंडांत तो शेंडेफळ. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले. वडील एडवर्ड प्रॅट यांची नोकरी मुंबई इलाख्यात, मीठ खात्यात झाली. आईवडिलांचे लग्नही १८६४ साली सुरतेत लागलेले. आईची मावशी अॅना लिओनोवेन्स पुढे सयामच्या राजवाड्यातली शिक्षिका म्हणून जगप्रसिद्ध झाली. तिचा जन्म १८३१ सालचा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा! पण अॅनाने आपला जन्म वेल्समधला असल्याचे सांगितले आणि नगरचे नाव आयुष्यभर लपवले. गोऱ्यांच्या त्या जगात हिंदी रक्ताचा नुसता संशयही माणसाची प्रतिष्ठा घालवायला पुरेसा होता. सावळ्या वर्णाचा विल्यम अशा घराण्यातला.

या घराण्याची वाट ठरलेली होती. शिकायचे, परीक्षा द्यायची आणि साम्राज्याच्या चाकरीत रुजू व्हायचे. एक भाऊ चीनमधल्या वकिलातीत गेला. दुसरा, फ्रेडरिक, मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी झाला. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात गांधीजींच्या समोर उभे ठाकलेले कमिशनर प्रॅट ते हेच. धाकट्याला मात्र नाटकाचे वेड. त्यातच तो थोडा बोबडा, बोलताना अडखळणारा. घरच्यांच्या लेखी नट होणे म्हणजे घराण्याला बट्टा. १९०९ साली त्याने कॅनडाची बोट पकडली आणि तिकडे जाऊन नावही बदलून टाकले.

नाव बदलले म्हणून नशीब थोडेच बदलते! शेतावर राबणे, मालमोटार चालवणे, फिरत्या नाटक कंपन्यांतून गावोगाव हिंडणे, आणि हॉलिवूडमध्ये मूकपटांतल्या चिल्लर भूमिका, असा सारा खडतर प्रवास वीस वर्षे चालला. सावळ्या चेहऱ्यामुळे वाट्याला यायचे ते अरब, हिंदी किंवा मेक्सिकन खलनायक. जे लपवायचे, तेच पडद्यावर विकायचे, असा हा उफराटा न्याय. १९३१ साली ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये त्याला राक्षसाची भूमिका मिळाली, तेव्हा तो चव्वेचाळिशीला टेकला होता. चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत राक्षसासमोर नट म्हणून केवळ प्रश्नचिन्ह छापले होते. काही दिवसांतच ते प्रश्नचिन्ह जगाला पाठ झाले.

पुढच्याच वर्षी आली ‘द ममी’. तिच्यामागे दहा वर्षांपूर्वीची खरी घटना होती. नोव्हेंबर १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनचे थडगे सापडले आणि एप्रिल १९२३ मध्ये मोहिमेला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन वारले. कारण साधेच होते. डास चावला, जखम चिघळली, रक्तात विष भिनले. पण वर्तमानपत्रांना शापच हवा होता. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत जगला, हे सोयीस्करपणे कोणी सांगत नाही. चित्रपटाचा पटकथाकार जॉन बाल्डरस्टन पूर्वी पत्रकार होता आणि तुतनखामेनच्या बातम्या त्याने स्वतः लिहिलेल्या. रंगभूषाकार जॅक पिअर्सने कार्लोफला ममी बनवायला तब्बल आठ तास घेतले, आणि पडद्यावर ती पट्ट्यांतली ममी दिसते जेमतेम काही मिनिटे! बाकी चित्रपटभर तो सुरकुतलेल्या चेहऱ्याचा, मंद आवाजाचा, टोपी घातलेला इजिप्शियन गृहस्थ असतो. तीन हजारांहून अधिक वर्षे एका प्रियेची वाट पाहणारा. भीती वाटते, आणि कीवही येते. कार्लोफची खरी कमाई हीच.

१९३३ साली ‘द घूल’ या चित्रपटासाठी तो मायदेशी परतला. त्यातही त्याने इजिप्तच्या विद्येने झपाटलेला प्राध्यापकच रंगवला. धाकधूक मात्र वेगळीच होती. साहेबी थाटाचे भाऊ आता काय म्हणतील? समारंभाला भाऊ आले आणि छायाचित्र काढताना कोण कुठे उभे राहणार यावरून त्यांच्यातच चढाओढ लागली. चोवीस वर्षांचा बट्टा कॅमेऱ्यासमोर पुसला गेला.

याच १९३३ मध्ये हॉलिवूडच्या नटांची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या मोजक्या सभासदांत कार्लोफ होता. जड पोशाखात, जाड रंगाच्या थराखाली दिवसरात्र उभे राहणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? भूमिका हातची गेली तर पुन्हा मालमोटार चालवायची, हेही त्याला माहीत होते. तरीही तो सहकाऱ्यांसाठी उभा राहिला.

उतारवयात त्याचा तोच घोगरा आवाज मुलांच्या आवडीचा झाला. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या प्राण्यांच्या गोष्टी त्याने ध्वनिमुद्रिकांवर वाचल्या. १९६६ साली ग्रिंचची नाताळकथा त्यानेच सांगितली आणि त्या मुद्रिकेला ग्रॅमी मिळाले. पाठीचे दुखणे, थकलेली फुप्फुसे, तरी तो शेवटपर्यंत काम करत राहिला. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले.

‘द ममी’तल्या त्या पुजाऱ्याच्या शवपेटीवरचे संरक्षक मंत्र छिन्नीने खरवडून काढलेले असतात. परलोकातही त्याला थारा मिळू नये, ही त्यामागची शिक्षा. थडग्यातल्या शापांचे कधी कोणाला काही झाले नाही. पण माणसे जिवंतपणी एकमेकांचे कूळ, रंग आणि नाव खरवडतात, तो शाप मात्र खरा. नगरच्या अॅनाला तो जन्मभर पुरला. तिच्या भाचीच्या मुलाने त्याच सावळ्या चेहऱ्यावर रंगाचे थर चढवले, आणि जगाने तो चेहरा डोक्यावर घेतला.