माय जयश्रीबाईची लेक : गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा समितीने मला कुणा थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. मी सूतगिरणीतला कामगार. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं वाचनालयात आणि रात्रपाळीनंतर. शास्त्रीय गाण्यातलं मला फार कळत नाही हे आधीच कबूल करतो. पण एका बाईचं आयुष्य वाचलं आणि ते आपल्या मायमाऊल्यांना सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

मोगूबाईंचा जन्म १५ जुलै १९०४ चा, गोव्यातल्या कुर्डी गावचा. त्या काळी गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. समाज कलावंतांचा. म्हणजे देवळात, उत्सवात ज्या बायांनी गायचं आणि नाचायचं, त्या घरातल्या. गाणं ऐकायला सगळे पुढे बसत, पण त्याच बाईला घरची लेकसून म्हणून मान द्यायची वेळ आली की सगळ्यांची तोंडं फिरत. असल्या घरात पोरीने गाणं शिकणं हा छंद नव्हता. पोटाचा प्रश्न होता आणि इज्जतीचाही.

आई जयश्रीबाई स्वतः गायच्या. पोरीचा गळा त्यांनी लहानपणीच ओळखला. जवळ पैसा नाही, मोठ्या उस्तादाची ओळख नाही. तरी ही माय पोरीला घेऊन फिरली. १९१३ च्या सुमारास तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी या नाटक कंपनीत घातलं. नऊ-दहा वर्षांची पोर, रंगभूमीवर उभी राहिली आणि नाटकातली पदं गाऊ लागली. आणि १९१४ साली माय वारली. आपली मोगू मोठी गायिका व्हावी, ही तिची शेवटची इच्छा. दहा वर्षांच्या लेकराच्या पदरात एवढीच इस्टेट पडली.

पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळी. तिथे बायाच सगळी कामं करीत, पुरुषांचीसुद्धा. मोगूबाईंनी सौभद्र नाटकात सुभद्रेचं काम केलं. नाचाचंही शिक्षण घेतलं. पण कंपनीत बेबनाव झाला, तब्येत बिघडली आणि औषधपाण्यासाठी त्या सांगलीला आल्या.

सांगलीतली गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. पोरगी घरात रियाज करीत असायची. रस्त्याने जाणारे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ आवाज ऐकून थांबले, आत आले आणि शिकवू लागले. ते कोण, हे तिला ठाऊकही नव्हते. नंतर कळलं की हे उस्ताद अल्लादिया खाँ, जयपूर-अत्रौली घराण्याचे सर्वात मोठे गवई! ना नातं, ना जात, ना धर्म.

खाँसाहेब मुंबईला गेले तशा मोगूबाईही मागोमाग मुंबईला आल्या. पण सरळ काही झालं नाही. शिकवणी चालू व्हायची, बंद पडायची. मध्ये आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या. मग अल्लादिया खाँचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे काही वर्षं तालीम झाली, तीही सुटली. मोठ्या गुरूकडे शिकणारे पैसेवाले असत आणि घराण्याची विद्या दुसऱ्याला जाऊ नये म्हणून दबाव येत असे. अखेर १९३४ साली अल्लादिया खाँनी त्यांना रीतसर गंडा बांधला. खाँसाहेब १९४६ साली वारले, तोवर ही तालीम चालली. सांगलीतल्या त्या पहिल्या दिवसापासून गंड्यापर्यंत पंधराएक वर्षं गेली. आपण दोन वर्षांत कंटाळतो.

याच काळात, १९३६ साली, बाबासाहेबांनी मुंबईत परळला देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण करून ती जिंदगी सोडायला सांगितले होते. गोव्याचे कलावंत आणि या बाया एकच नव्हेत, हे मला माहीत आहे. पण देवाच्या नावाने बाईला बांधून ठेवायचं आणि वर तिलाच हलकी म्हणायचं, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

मोगूबाईंचं लग्न माधवदास भाटिया यांच्याशी झालं. तीन लेकरं झाली आणि ती लहान असतानाच नवरा वारला. एकट्या बाईने गाण्यावर घर चालवलं. गाडीच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास, उतरायला हॉटेल नाही तर कुणाच्या घरचा कोपरा, आणि बिदागी देणारा देईल ती. हे सगळं थोरल्या मुलीने, किशोरीने, सोबत बसून पाहिलं. पुढे किशोरी आमोणकर म्हणून त्या देशभर गाजल्या, तेव्हा कार्यक्रमवाल्यांकडून मान घेतल्याशिवाय त्या गात नसत. लोक त्यांना तापट म्हणत. मला तर तो राग बरोबर वाटतो. आईचा अपमान पाहिलेली लेक होती ती.

लेकीला शिकवताना मोगूबाई कडक. चिजेची अस्थाई-अंतरा दोनदाच गाऊन दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. तेवढ्यात कान देऊन उचलायचं. किशोरीताई सिनेमात गायल्या तेही आईला रुचलं नाही. पद्मा तळवलकर, कमल तांबे अशा शिष्यांनाही त्यांनी तयार केलं. १९६८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७४ साली पद्मभूषण. १० फेब्रुवारी २००१ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी मुंबईत त्या गेल्या.

त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणात बुडालं. आपल्या जिल्ह्यात हे समजावून सांगावं लागत नाही. मणिबेली आणि नर्मदाकाठची गावं कशी गेली आणि ती माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत कशी आली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. कुर्डीत मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पडक्या भिंती वर येतात. विस्थापित लोक मे महिन्यात तिथे जमतात आणि मोगूबाईंचं घर कुठे होतं ते पोरांना दाखवतात.

आता घरची गोष्ट. माझी धाकटी मुलगी विहारात वंदना म्हणते, भीमगीतं गाते. ती सातवीत असताना तिला गाणं शिकायला पाठवायचं निघालं, तेव्हा पाहुण्यांपैकी एकाने विचारलं की पोरीला तमाशात धाडायची आहे का. मी गप्प राहिलो, त्याची अजून लाज वाटते. तिची आई गप्प राहिली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी पोरीला सायकलवर बसवून क्लासला नेली, फी दोन हप्त्यांत दिली.

समितीने विहाराची जुनी पेटी दुरुस्त करून आणली आहे. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर दोन तास मुलामुलींना तिच्यावर बसता येईल. किल्ली माझ्या घरी आहे, रात्रपाळी असली तरी मंडळींकडून मागून घ्यावी.