हृदयाचे शल्यचिकित्सक : डॉ. प्रफुल्लकुमार सेन

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या उजव्या हाताची मूठ आवळून पाहा. तुमचे हृदय साधारणपणे एवढेच असते. ते मिनिटाला सुमारे बहात्तर वेळा धडधडते, म्हणजे एका दिवसात एक लाखाहून अधिक वेळा. तुम्ही झोपता तेव्हाही ते झोपत नाही.

तुम्ही भिवंडीत राहता. मागांचा खडखडाट तुमच्या कानांच्या ओळखीचा आहे. धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, धागा जोडतो आणि माग पुन्हा सुरू करतो. पण हृदयात बिघाड झाला तर? ते थांबवून दुरुस्त करायचे कसे? ते थांबले तर माणूसच राहणार नाही. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास डॉक्टरांपुढे हाच प्रश्न होता. आपल्या मुंबईत राहून या प्रश्नाशी झुंज देणाऱ्या एका शल्यचिकित्सकाची ओळख आज तुम्हांला करून घ्यायची आहे. त्यांचे नाव डॉ. प्रफुल्लकुमार सेन.

सेन यांचा जन्म १९१५ साली एका बंगाली कुटुंबात झाला. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबई ठरली. परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी आणि त्याला जोडलेल्या के. ई. एम. रुग्णालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. तुमच्यापैकी काहींनी हे रुग्णालय पाहिले असेल. भिवंडीहून ठाण्यापर्यंत बसने आणि पुढे लोकलने परळला गेले की तेथे पोहोचता येते. हे महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. इंग्रजांच्या राज्यातही तेथे फक्त भारतीय शिक्षकच नेमावेत, अशी देणगी देणाऱ्यांची अट होती. रुग्णालय महानगरपालिकेचे असल्यामुळे गिरणी कामगार, हमाल, खेड्यापाड्यांतील शेतकरी असे गोरगरीब लोक तेथे येत. सेन यांचे रुग्ण बहुधा हेच लोक होते.

पुढील शिक्षणासाठी सेन अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात गेले. याच शहरात १९४८ साली डॉ. चार्ल्स बेली यांनी एका स्त्रीच्या हृदयाची अरुंद झालेली झडप उघडण्यात यश मिळवले होते. त्याआधीचे त्यांचे बहुतेक रुग्ण दगावले होते. लोकांनी त्यांना नावे ठेवली होती. पण त्यांनी प्रयत्न सोडला नव्हता.

आता ही झडप म्हणजे काय, ते समजून घ्या. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारा दरवाजा. रक्त पुढे गेले की तो बंद होतो आणि रक्ताला मागे फिरू देत नाही. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येते, हे तेराव्या शतकात इब्न अल्-नफीस या अरब हकिमाने लिहून ठेवले होते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला मायट्रल झडप म्हणतात. तिचे तोंड चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. रोगामुळे ते कधीकधी एका चौरस सेंटिमीटरवर येते. मग रक्त मागे तुंबते, फुप्फुसांत पाणी भरते आणि रुग्णाला दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

हा रोग कोठून येतो? त्याची सुरुवात अगदी साध्या घसादुखीतून होते. काही जंतू घशात शिरतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पण या जंतूंच्या अंगावरील काही द्रव्ये आणि आपल्या हृदयातील काही द्रव्ये यांत साम्य असते. त्यामुळे रक्षक पेशी फसतात आणि आपल्याच झडपेवर हल्ला करतात. पहारेकऱ्याने चोर समजून घरच्याच माणसाला मारावे, तसे हे होते. याला संधिवाताचा ताप म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना तो अधिक होतो आणि जेथे लहान खोलीत खूप माणसे राहतात तेथे अधिक पसरतो. हल्ला वारंवार झाला की झडपेचे पातळ पडदे जाड होतात आणि त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात.

सेन मायदेशी परतले तेव्हा असे शेकडो रुग्ण धापा टाकत रुग्णालयात येत होते. १९५० नंतरच्या काही वर्षांतच सेन यांनी के. ई. एम.मध्ये अशा झडपा उघडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. ही शस्त्रक्रिया कशी होत असे, ते ऐका. हृदय धडधडतच असे. त्याच्या डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी असते. तिच्याभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घालत. मग तेथे छेद देऊन शल्यचिकित्सक आपले बोट आत घालत आणि टाका आवळत. आत काहीही दिसत नसे. बोटाला जे जाणवेल तेच खरे. बोटाने झडपेच्या चिकटलेल्या कडा हळूच सोडवायच्या. जोर कमी पडला तर झडप उघडत नसे. जास्त झाला तर ती फाटत असे. सारे काही क्षणांत उरकावे लागे. शस्त्रक्रिया साधली की ज्याला चार पावले चालवत नव्हते तो पुन्हा कामावर जाऊ शके.

सेन यांचे लक्ष हृदयापुरतेच नव्हते. हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला महारोहिणी म्हणतात. काही तरुण मुलामुलींच्या हाताची नाडीच लागत नसे. काहींचा रक्तदाब लहान वयात फार वाढलेला असे. त्यांच्या महारोहिणीच्या भिंतीत रक्षक पेशी शिरून तिचे लवचीक धागे नष्ट करत. मग भिंत जाड होई आणि वाट अरुंद होई. या रोगाला ताकायासू या जपानी डॉक्टरांचे नाव आहे. सेन, त्यांचे सहकारी शल्यचिकित्सक डॉ. परुळकर आणि विकृतिशास्त्रज्ञ डॉ. किणरे यांनी या रोगाच्या १०१ रुग्णांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

सेन यांना नवे काही शोधण्याची ओढ होती. सापाच्या हृदयाचे स्नायू आतल्या पोकळीतूनच बरेचसे रक्त घेतात, हे त्यांना ठाऊक होते. माणसाच्या हृदयालाही असे रक्त देता येईल का, असा विचार त्यांनी केला. हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडण्याचे त्यांचे प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाले. पुढे इतर देशांत हाच विचार लेसर किरणांच्या साहाय्याने करून पाहण्यात आला.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसवले. तो रुग्ण अठरा दिवस जगला. सेन आणि त्यांचे सहकारीही प्रयोगशाळेत प्राण्यांवर असा सराव करत होते. फेब्रुवारी १९६८मध्ये त्यांनी के. ई. एम.मध्ये हृदयरोपण केले. असे धाडस करणारे ते जगातील चौथे शल्यचिकित्सक होते. नवे हृदय धडधडू लागले. पण काही तासांतच रुग्णाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्णही एक दिवसभर जगला नाही.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग यात मोठेपणा कोणता? एका रुग्णाच्या घरच्या माणसांना तर दुःखच मिळाले. हे खरे आहे आणि ते विसरता कामा नये. त्या एका वर्षात जगभर शंभराहून अधिक हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण फार काळ जगले नाहीत. परके हृदय शरीर नाकारते आणि ते थांबवणारे चांगले औषध तेव्हा नव्हते. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे मानणारा कायदाही भारतात नव्हता. सेन यांनी ओळखले की केवळ हातांचे कौशल्य पुरेसे नाही. त्यांनी पुन्हा हृदयरोपण केले नाही. पुढे जाण्याइतकेच थांबण्यालाही धैर्य लागते.

१९६९ साली सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. सेन चित्रेही काढत. १९८२ साली त्यांचे निधन झाले. १९९४ साली भारतात अवयवरोपणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयरोपण केले. तो दिवस पाहायला सेन नव्हते. पण वाट कोठे अडते, हे त्यांच्या प्रयत्नांनी आधीच दाखवले होते.

आज हृदय काही वेळ थांबवून, यंत्राने रक्त फिरवत ठेवून झडप बदलता येते. तरीही सर्वांत चांगली शस्त्रक्रिया तीच, जी करावी लागत नाही. तुमच्या धाकट्या भावाचा किंवा बहिणीचा घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, तर दुर्लक्ष करू नका. वडीलधाऱ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या आणि दिलेले औषध पुरते दिवस द्या. वेळेवर मिळालेले पेनिसिलिन एक झडप वाचवू शकते.

शब्दार्थ
शल्यचिकित्सक – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, जर्राह
दगावणे – मरण पावणे
धाप लागणे – दम लागणे
नावे ठेवणे – दोष देणे

स्वाध्याय
१. हृदयाची दुरुस्ती मागाच्या दुरुस्तीपेक्षा अवघड का आहे?
२. घसादुखीमुळे हृदयाची झडप कशी बिघडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. डॉ. सेन यांनी हृदयरोपण का थांबवले? तुम्हांला त्यांचा निर्णय योग्य वाटतो का?
४. वाक्यांत उपयोग करा : तुटून पडणे, नावे ठेवणे, धाप लागणे.