संत गोन्सालो गार्सिया : वसईपासून ज्वालामुखींच्या बेटापर्यंत

फेब्रुवारी महिना उजाडला की वसईतील ख्रिस्ती घरांमध्ये संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाची लगबग सुरू होते. मराठवाड्यातील आम्हा श्रद्धावंतांना मात्र हे नाव बऱ्याचदा दिनदर्शिकेतील एका ओळीपुरतेच परिचित असते. ख्रिस्तसभेच्या उपासनापंचांगात ६ फेब्रुवारी हा दिवस संत पॉल मिकी आणि त्यांचे सोबती यांचा स्मरणदिन म्हणून पाळला जातो. त्या सोबत्यांपैकी एक जण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जन्मला, वाढला आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी स्वेच्छेने समुद्रापार गेला, याची आठवण आपण स्वतःला करून द्यायला हवी. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून ख्रिस्तसभा ज्यांचा गौरव करते, त्या संत गोन्सालोंचे जीवन आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वसईतील बालपण

गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसई येथे झाला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी झालेल्या तहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली होती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज सैनिक होते, तर आई इथलीच, कोकणच्या मातीतली होती. आई-वडिलांच्या या दोन वेगळ्या कुळांमुळे त्यांना दोन जग जन्मतःच लाभले. पुढे याच गोष्टीची त्यांना किंमतही मोजावी लागली.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय वसईला लागले होते. त्यांच्या येशूसंघाने १५४९ च्या सुमारास वसईच्या किल्ल्यात आपले कार्य सुरू केले होते व तेथे मुलांना शिक्षण दिले जाई. लहानगा गोन्सालो या शाळेत वाचायला, लिहायला व प्रार्थना करायला शिकला. येशूसंघाचे फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस हे त्याचे गुरू व पालक झाले. जपानहून येणारी धर्मगुरूंची पत्रे त्या काळी येशूसंघाच्या मठांतून वाचली जात. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या मनात त्या दूरच्या बेटांची ओढ निर्माण झाली, यात नवल नाही.

ज्वालामुखींच्या भूमीकडे

१५७२ मध्ये फादर सेबॅस्टियन यांच्यासोबत गोन्सालो जपानला गेले. आज विमानाने काही तासांत होणारा हा प्रवास तेव्हा वाऱ्यांच्या मर्जीवर चालत असे. गोव्याहून निघालेली जहाजे मलाक्काची सामुद्रधुनी ओलांडून चीनच्या किनाऱ्यावरील मकाव गाठीत. तेथे पुढील मोसमाच्या वाऱ्यासाठी कित्येक महिने थांबावे लागे, आणि मग वादळांच्या समुद्रातून जहाज जपानच्या क्युशू बेटाला लागे. वाटेत जहाजे बुडत, माणसे रोगराईने दगावत. या वाटेला लागणारा कोणीही परत येण्याची खात्री बाळगीत नसे.

क्युशू हे ज्वालामुखींचे बेट आहे. आपल्या मराठवाड्याची काळी जमीन आणि वेरूळची लेणी ज्यात कोरली गेली तो कातळ, हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसातून घडले. आपल्याकडचा तो अग्नी केव्हाच निवाला. क्युशूचा मात्र आजही धुमसतो. मध्यभागी आसो पर्वताचे विशाल विवर आहे, नागासाकीजवळच्या शिमाबारा द्वीपकल्पावर उन्झेन पर्वत आहे, आणि दक्षिणेस कागोशिमाच्या खाडीत साकुराजिमा राख उधळीत असतो. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमध्ये उतरले ते याच साकुराजिमासमोरील कागोशिमा बंदरात. क्युशूवरील ओमुरा प्रांताचे ख्रिस्ती झालेले सरदार सुमितादा यांनी नागासाकीचे बंदर १५७१ मध्ये पोर्तुगीज जहाजांसाठी खुले केले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी वसईचा हा युवक तेथे पोहोचला.

त्यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. ते धर्मगुरू नव्हते, त्यांनी व्रते घेतली नव्हती. ते स्वयंसेवक होते, धर्मशिक्षक होते. तरुण वयामुळे त्यांनी जपानी भाषा लवकर आत्मसात केली. मुलांना प्रार्थना शिकवणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, धर्मगुरूंचे बोलणे लोकांपर्यंत पोहोचवणे अशी कामे त्यांनी सुमारे आठ वर्षे केली. आमच्या धर्मप्रांतातील खेड्यापाड्यांतही श्रद्धेची पेरणी केवळ परदेशातून आलेल्या धर्मगुरूंनी केली नाही. त्यांच्यासोबत वाड्यावस्त्यांवर पायी हिंडणारे, लोकांच्या बोलीत प्रभूची वार्ता सांगणारे धर्मशिक्षक होते. गोन्सालो हे त्याच परंपरेतील एक फार जुने नाव आहे.

नकार आणि व्यापार

येशूसंघात प्रवेश मिळावा ही गोन्सालोंची मनापासूनची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. स्थानिक रक्ताच्या उमेदवारांना संघात घेण्याबाबत त्या काळी अनेक वरिष्ठांच्या मनात आडकाठी होती. आठ वर्षे निष्ठेने सेवा केलेल्या तरुणाला हा नकार किती जिव्हारी लागला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील ही उणीव झाकण्याचे कारण नाही. आजही आपल्या धर्मग्रामांत कुळ, जात वा भाषा पाहून माणसाला जवळ किंवा दूर केले जाते, तेव्हा आपण तीच चूक पुन्हा करीत असतो.

१५८० च्या सुमारास गोन्सालो यांनी ते कार्य सोडले व ते व्यापारात उतरले. पूर्वेकडील बंदरांमध्ये त्यांचा व्यापार भरभराटीला आला. भाषा येत होती, माणसे ओळखीची होती, पैसाही आला. तेथेच त्यांची कहाणी संपू शकली असती. परंतु पहिली हाक त्यांच्या मनातून गेली नव्हती. व्यापारानिमित्त फिलिपाईन्समधील मनिला शहराशी त्यांचा संबंध आला. तेथे फ्रान्सिस्कन बंधूंचे साधे, गरिबीचे जीवन त्यांनी पाहिले. अखेर साठवलेली संपत्ती मागे टाकून ते संत फ्रान्सिस यांच्या संघात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही; अखेरपर्यंत ते ब्रदर गोन्सालोच राहिले.

दुभाषी बंधू

त्या वेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी याच्या हाती होती. त्याने १५८७ मध्येच ख्रिस्ती धर्मगुरूंना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, मात्र त्याची अंमलबजावणी ढिली होती. पुढे त्याने मनिलाच्या स्पॅनिश अधिकाऱ्यांकडे अधीनता मान्य करण्याची मागणी केली. तिचे उत्तर घेऊन १५९३ मध्ये मनिलाच्या गव्हर्नरने फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठवले. त्यांच्यासोबत काही बंधू होते आणि त्यांच्यापैकीच दुभाषी म्हणून गोन्सालो होते.

एका बलाढ्य, शीघ्रकोपी सत्ताधीशासमोर उभे राहून दुसऱ्याचे शब्द त्याच्या भाषेत सांगणे हे काम सोपे नव्हते. एक चुकीचा शब्द सर्वांच्या जिवावर बेतला असता. गोन्सालोंनी ही जबाबदारी पार पाडली. मैत्री राखली गेली, आणि या बंधूंना जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो येथे त्यांनी देवदूतांच्या राणीच्या नावाने चर्च उभारले व कुष्ठरुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले. पुढे ओसाका येथेही मठ झाला. सुरुवातीच्या काळात नव्या बंधूंना भाषा येत नव्हती. लोकांचे दुःख त्यांच्यापर्यंत आणि त्यांचा दिलासा लोकांपर्यंत गोन्सालोंच्याच मुखातून पोहोचत होता.

या काळात एक आंतरिक ताणही होता. पोप तेरावे ग्रेगरी यांच्या १५८५ च्या आदेशानुसार जपानमधील धर्मकार्य येशूसंघाकडे सोपवलेले होते. त्यामुळे फ्रान्सिस्कन बंधूंच्या आगमनाने दोन संघांमध्ये मतभेद झाले. ज्या संघाने आपल्याला घडवले पण स्वीकारले नाही, आणि ज्या संघाने स्वीकारले, त्या दोहोंच्या मध्ये गोन्सालो उभे होते.

अटक आणि वाटचाल

१५९६ च्या सप्टेंबर महिन्यात क्योतोजवळच्या फुशिमी परिसरात मोठा भूकंप झाला व हिदेयोशीचा नवा किल्ला कोसळला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने माल जप्त केला. स्पेन आधी धर्मगुरू पाठवते व मग प्रदेश जिंकते, अशा अर्थाचे उद्गार जहाजाच्या सुकाणूदाराने काढल्याचे सांगितले जाते. संशय, लोभ आणि राजकारण यांची झळ निरपराध माणसांना बसली. डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो व ओसाका येथील मठांना पहारे बसले.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतो येथे चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व त्यांची गाड्यांतून धिंड काढली गेली. मग ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे चालवत नेण्यात आले. हा मार्ग सुमारे आठशे किलोमीटरांचा होता. लोकांना दहशत बसावी हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात वाटेवरच्या लोकांनी प्रार्थना करीत चालणारी माणसे पाहिली. वाटेत त्यांची सेवा करणाऱ्या आणखी दोघांना पकडण्यात आले आणि संख्या सव्वीस झाली. त्यात सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. लुईस, अँथनी आणि थॉमस ही तीन मुले बारा ते चौदा वर्षांची होती. समुद्रधुनी ओलांडून हा जथा क्युशूवर आला. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या बेटावर गोन्सालो कोवळ्या वयात उतरले होते, त्याच बेटावर ते आता बंदिवान म्हणून परतले.

निशिझाका टेकडी

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस मांडून ठेवलेले होते. गोन्सालो पुढे झाले व आपला क्रूस कोणता हे त्यांनी विचारले, आणि तो दाखवला जाताच गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली, असे परंपरा सांगते. दोरांनी व लोखंडी कड्यांनी त्यांना क्रुसाला जखडण्यात आले. पॉल मिकी यांनी क्रुसावरून जमावाला प्रवचन दिले व मारेकऱ्यांना क्षमा केली. त्यानंतर भाल्यांच्या घावांनी एकेकाचा अंत झाला. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

त्या टेकडीवर येशूसंघीय व फ्रान्सिस्कन एका रांगेत होते. भारत, जपान, स्पेन आणि मेक्सिको येथे जन्मलेली माणसे एका रांगेत होती. धर्मगुरू, बंधू, स्वयंपाकी, सुतार आणि शाळकरी वयाची मुले एका रांगेत होती. जिवंतपणी ज्यांना भेदांनी विभागले होते, त्यांना क्रुसाने एकत्र आणले.

स्मरण

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद बहाल केले. जपानमध्ये मात्र छळ वाढतच गेला. १६२७ नंतरच्या काही वर्षांत उन्झेन ज्वालामुखीच्या उकळत्या झऱ्यांवर ख्रिस्ती लोकांचे हाल करण्यात आले. तरीही श्रद्धेचा दिवा विझला नाही. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकऱ्यांनी येऊन आपली श्रद्धा प्रकट केली. अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, गुपचूप, आई-वडिलांकडून मुलांकडे त्यांनी ती जपली होती. ते चर्च याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केलेले आहे. निशिझाका येथे १९६२ मध्ये स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये आणि पोप फ्रान्सिस यांनी २४ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे जाऊन प्रार्थना केली.

वसईच्या किल्ल्यातील येशूसंघाचे जुने चर्च आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईतील महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे. ज्या संघाने त्यांना प्रवेश दिला नाही, त्याच संघाच्या चर्चला त्यांचे नाव मिळाले, यात परमेश्वराची योजना दिसते.

आमच्या धर्मप्रांतातील युवक-युवतींनी हे जीवन लक्षपूर्वक वाचावे असे आम्हाला वाटते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी ते आज पुणे, मुंबई आणि त्याही पलीकडे जात आहेत. त्यांतील कित्येकांच्या वाट्याला नकार येतो. कित्येकांची पहिली हाक पैशाच्या धावपळीत मागे राहते. गोन्सालोंना नकार मिळाला, पण त्यांनी सेवेशी वैर धरले नाही. ते धनवान झाले, पण धनाला शेवटचा मुक्काम मानले नाही. पद मिळाले नाही, तरी दुसऱ्याचा शब्द प्रामाणिकपणे पोहोचवणे हीच त्यांनी सेवा मानली. धर्मग्रामात वाचन करणारे, मुलांना धर्मशिक्षण देणारे, आजाऱ्यांच्या दारी जाणारे आपले सारे बंधुभगिनी त्यांचेच सोबती आहेत.

६ फेब्रुवारीच्या मिस्साबलिदानात पॉल मिकी यांच्या नावासोबत आपण वसईच्या या सुपुत्राचेही नाव मनात घेऊया, आणि त्यांच्या मध्यस्थीने आपल्या कुटुंबांना व धर्मग्रामांना धैर्य, क्षमाशीलता व एकोपा लाभावा अशी प्रार्थना करूया.