मुलांचें मन खंबीर कसें होईल?

परीक्षांचे निकाल लागले कीं घरोघरीं दोन प्रकारचे पालक दृष्टीस पडतात. एकांस वाटतें कीं, मुलाच्या वाटेंतील प्रत्येक खडा आपणच वेंचावा, त्याच्या वतीनें आपणच भांडावें आणि अपयशाची झळ त्यास लागूंच देऊं नये. दुसरे याच्या उलट. टाकीचे घाव सोसल्यावांचून देवपण येत नाहीं, ही म्हण पुढें करून ते मुलास टोचून बोलतात, शेजारच्या मुलाशीं त्याची तुलना करतात व यालाच शिस्त असें नांव देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग सारखेच घातक होत. पहिल्यानें मूल पंगू होतें, दुसऱ्यानें तें भेदरतें. पडल्यावर पुन्हा उठून उभें राहण्याची शक्ति दोहोंपैकीं एकानेंही येत नाहीं. ती कशी येते, हें पाहावयाचें असेल तर महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या बालपणाकडे पाहावें. स्त्रीशिक्षणाचे प्रवर्तक म्हणून अण्णांचें कार्य महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे; परंतु असा निश्चयी पुरुष घडला कसा, इकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें.

कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांत झाला व बालपण मुरुड गांवीं गेलें. घरची स्थिति गरिबीची. मुलगा अंगानें किरकोळ, स्वभावानें अतिशय लाजाळू, चारचौघांत तोंडांतून शब्द न फुटणारा. असा मुलगा आज आपल्या घरीं असता, तर त्याला पुढें ढकलूं नका, किंवा हा कशालाच उपयोगी पडणार नाहीं, यांपैकीं एक निवाडा आपण केव्हांच देऊन टाकला असता. त्याच्या सुदैवानें गांवच्या शाळेंत सोमण मास्तर होते. त्यांनीं मुलाच्या लाजाळूपणावर व्याख्यान दिलें नाहीं. त्याला काम दिलें. दुर्गादेवीच्या देवळांत जमणाऱ्या ग्रामस्थांस वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें तें काम होतें. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे, परंतु तिचें मर्म वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तें काम खोटें नव्हतें. वडील माणसें तें ऐकावयास बसत. तें मुलाच्या शक्तीबाहेरचेंही नव्हतें. बोलावयाचें नव्हे, वाचावयाचें होतें. आणि तें सोंपविणारा गुरु पाठीशीं होता. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतों, ही जाणीव मुलास एकदां झाली कीं तिच्यासारखें दुसरें बळ नाहीं.

त्या बळाची कसोटी लौकरच लागली. सरकारी नोकरीस आवश्यक असलेली मराठी परीक्षा देण्यासाठीं कर्वे यांस साताऱ्यास जावयाचें होतें. त्या वेळीं त्यांचें वय सतराच्या सुमारास होतें. भर पावसाचे दिवस. अंतर सुमारें ११० मैल. नदीनाले ओलांडीत, सह्याद्रीचा घाट चढून हा पोरगा पायीं साताऱ्यास पोंचला. तेथें परीक्षा घेणाऱ्यांनीं त्याच्याकडे पाहिलें आणि हा वयानें फार लहान दिसतो, असें म्हणून त्यास परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. दोष ना अभ्यासाचा, ना आळसाचा. दोष केवळ चणीचा! इतकी उघड अन्यायाची ठोकर खाऊन हा मुलगा मुरुडास परत आला.

आम्ही येथें वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंति करतों. या चालण्याचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. पण ११० मैल चालल्यानें कर्वे घडले, असें आम्हांस वाटत नाहीं. दारिद्र्य व कष्ट हे जर आपोआप माणसें घडवीत असते, तर या देशाइतकीं थोर माणसें पृथ्वीवर कोठेंच सांपडलीं नसतीं. दारिद्र्यानें असंख्य कोंवळे जीव चिरडले आहेत आणि त्याचा गौरव करणें हें सुखवस्तु माणसाचें क्रौर्य होय. कर्वे टिकले याचें कारण निराळें आहे. साताऱ्यास जाण्यापूर्वीं आपल्या अंगीं कांहीं आहे ही खूण त्यांस पटलेली होती, आणि परत आल्यावर दुसऱ्या प्रयत्नाचें दार बंद झालेलें नव्हतें. पुढें तीच परीक्षा देऊन ते उत्तीर्ण झाले. नंतर इंग्रजी शिक्षणास लागून १८८१ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते मॅट्रिक झाले व १८८४ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित घेऊन पदवीधर झाले. एक वर्ष गेलें कीं जन्म वायां गेला असें मानणाऱ्या पालकांनीं हे आंकडे भिंतीवर लिहून ठेवावे.

बालपणीं कमावलेलें हें धन अण्णांस जन्मभर पुरलें. १८९१ मध्यें त्यांची प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षीं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. १८९३ मध्यें त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां ज्या मुरुडानें त्यांस वाढविलें, त्याच मुरुडानें त्यांस वाळींत टाकलें. त्यांनीं गांवाचा द्वेष केला नाहीं व आपला मार्गही सोडला नाहीं. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला व १९०० मध्यें तो पुण्याजवळ हिंगण्यास एका झोंपडींत नेला. कॉलेजांतील काम आटोपून अण्णा रोज पायीं हिंगण्यास जात व तेथें शिकवीत. साताऱ्याच्या वाटेवरचीं तीं पावलें हिंगण्याच्या वाटेवर पुन्हा उमटलीं.

त्या आश्रमांत जें घडलें तेंच आमच्या म्हणण्याचें सर्वांत मोठें प्रमाण होय. तेथें येणाऱ्या अनेक मुली बालविधवा होत्या. तुमचें तोंड पाहणें अपशकुन, असें ज्यांस जगानें शिकविलें होतें, त्यांस अण्णांनीं नुसती दया दिली नाहीं. विद्या दिली, आणि विद्येबरोबर जबाबदारीही दिली. गोदूबाईंच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले विधवा होऊन आल्या, तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पुढें त्याच आश्रमासाठीं गांवोगांव वर्गणी मागत फिरल्या व १९१८ मध्यें अमेरिकेस गेल्या. सोमण मास्तरांनीं एका लाजाळू मुलावर टाकलेला विश्वास त्या मुलानें शेंकडों मुलींपर्यंत असा पोंचविला. १९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें, तें याच विश्वासाचें विस्तारलेलें रूप. १९५८ मध्यें, वयास शंभर वर्षें पुरीं होत असतां, राष्ट्रानें अण्णांस भारतरत्न ही पदवी दिली. १९६२ मध्यें ते निवर्तले.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. मूल खंबीर व्हावें असें वाटत असेल, तर त्यास घरांतील एखादें खरें काम द्या. जें न झाल्यास कोणाचें तरी अडेल, असें काम. तें चुकल्यास हातांतून काढून घेऊं नका. परीक्षेंत मूल नापास झालें, तर त्या रात्रीं त्यास उपदेशही नको आणि खोटें समाधानही नको. त्यास जेवावयास वाढा, जवळ बसा, आणि दुसरे दिवशीं पुढील प्रयत्न केव्हां व कसा करावयाचा, हें त्यालाच विचारा. हरलेल्या मुलास घराचें दार उघडें दिसलें पाहिजे. तें ज्यास दिसतें, तें मूल पुन्हा चालूं लागतें. ज्यास दिसत नाहीं, तें कोठें वळेल, हें कोणीं सांगावें?