व्यभिचाराचा दावा आणि बाईची साक्ष

व्यभिचार हा विवाहधर्माचा भंग आहे याविषयीं आमच्यांत व आमच्या विरोधकांत दुमत नाहीं. दुमत आहे तें इतकेंच कीं, तो घडला असतां अपराध कोणाचा झाला आणि दाद कोणीं मागावयाची. ज्या कायद्यानें बायकोला नवऱ्याची चीजवस्तू मानलें, त्याच्या लेखीं व्यभिचार म्हणजे एका पुरुषानें दुसऱ्या पुरुषाची केलेली चोरी होय. आणि चोरीच्या खटल्यांत चोरीस गेलेल्या भांड्याची साक्ष कोणी घेत नसतो! हें आम्ही अलंकारानें बोलत नाहीं. इंग्लंडांत हा प्रकार खरोखरच घडला, व ज्या बाईंच्या बाबतींत तो घडला, त्यांनींच पुढें आपल्या लेखणीनें त्या देशाचा कायदा हलविला. त्या कॅरोलिन नॉर्टनबाईंचें चरित्र आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

कॅरोलिनबाईंचा जन्म सन १८०८ त लंडन येथें झाला. प्रसिद्ध नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ले शेरिडन हे त्यांचे आजोबा. वडील लवकर वारले, घरांत पैसा नव्हता, आणि मुली मात्र रूपानें व बुद्धीनें नांवाजलेल्या. तेव्हां अशा घरांत होतें तेंच झालें. सन १८२७ त, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, एका उमरावाचा धाकटा भाऊ जॉर्ज नॉर्टन याच्याशीं त्यांचें लग्न लागलें. जॉर्ज हा बॅरिस्टर व पार्लमेंटचा सभासद होता. परंतु कमाई बेताची आणि राग अनावर. तो बायकोस मारहाण करी. संसाराचा बराच भार बाईंच्या लेखणीवर पडे. पुढें जॉर्जला सरकारी जागा हवी झाली, तेव्हां त्यानें बायकोलाच बड्या मंडळींकडे शब्द टाकावयास लाविलें. आणि सन १८३१ त गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांनीं त्यास वार्षिक एक हजार पौंडांची मॅजिस्ट्रेटची जागा दिली. मेलबर्नसाहेबांचें नॉर्टन यांच्या घरीं येणेंजाणें वाढलें तें जॉर्जच्या डोळ्यांदेखत वाढलें, आणि जोंवर त्यापासून लाभ होता तोंवर त्यास त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

सन १८३६ त नवराबायकोचें पुरतें बिनसलें. बाई घरीं नसतां जॉर्जनें तिन्ही मुलगे दुसरीकडे हलविले, आणि आतां मुख्य प्रधान झालेल्या मेलबर्न यांच्यावर दहा हजार पौंडांच्या नुकसानभरपाईचा दावा ठोकला. दुसऱ्याच्या बायकोशीं संबंध ठेविला म्हणून नवऱ्यानें करावयाच्या या दाव्यास तेथें ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’ म्हणत. २२ जून १८३६ रोजीं सुनावणी झाली. वादी पुरुष, प्रतिवादी पुरुष, न्यायाधीश व ज्यूरी पुरुष. जिच्या अब्रूचा हा लिलाव, ती बाई दाव्यांत पक्षकारसुद्धां नव्हती. तिला वकील देतां येत नव्हता, आणि साक्ष देण्यास कायद्याची मनाई होती. पुरावा काय, तर घरांतील जुने नोकर, त्यांतले कित्येक दाव्यापूर्वीं जॉर्जच्या भावाच्या जमीनदारींत राहून आलेले. आणि मेलबर्न यांच्या दोनचार चिठ्ठ्या, ज्यांत भेटीस केव्हां येतों यापलीकडे फारसें कांहीं नव्हतें. ज्यूरीनें जागेवरून न उठतां दावा फेटाळून लाविला.

निकाल एकच, परंतु फळें दोघांस निरनिराळीं मिळालीं. मेलबर्न मुख्य प्रधान राहिले, आणि पुढल्याच वर्षीं गादीवर आलेली तरुण राणी व्हिक्टोरिया त्यांच्या सल्ल्यानें चालूं लागली. बाईंचें मात्र नांव गेलें, घर गेलें आणि मुलेंही गेलीं; कारण मुलांवर हक्क बापाचा, आई दोषी असो वा निर्दोषी. काडीमोड घ्यावी तर त्यास पार्लमेंटचा खास कायदा लागे, आणि सन १८५७ पूर्वीं असा कायदा मिळालेल्या स्त्रिया उभ्या इंग्लंडांत अवघ्या चार. तात्पर्य, कोर्टानें निर्दोष म्हटलें तरी शिक्षा ती सर्व झालीच!

दुसरी एखादी खचली असती. बाईंनीं पत्रकें लिहिलीं, पार्लमेंटच्या सभासदांस गांठलें, आणि टॅलफर्ड यांच्याकरवीं बिल आणविलें. एकदां लॉर्डांच्या सभेनें तें फेटाळलें. परंतु सन १८३९ त कायदा झाला, व सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची मुभा आईला मिळाली. त्यांतही अट अशी कीं, व्यभिचार शाबीत झालेल्या आईस ही मुभा नाहीं. व्यभिचारी बापाची मात्र कोणी चौकशी केली नाहीं. इकडे जॉर्जनें मुलें स्कॉटलंडांत ठेविलीं होतीं, जेथें तो कायदा लागू नव्हता. सन १८४२ त धाकटा विल्यम घोड्यावरून पडून जखमेनें दगावला. आई पोंचली तेव्हां फार उशीर झाला होता.

सन १८५३ त पुन्हां कोर्ट. बायकोस नेमणूक देण्याचा लेखी करार जॉर्जनें मोडला, आणि सांगितलें कीं, कायद्याच्या दृष्टीनें नवराबायको एकच असल्यामुळें बायकोशीं केलेला करार करारच नव्हे. उलट तिच्या पुस्तकांची कमाई मात्र कायद्यानें त्याची! बाईंनीं सन १८५५ त राणीस उद्देशून जाहीर पत्र लिहून हा अन्याय वेशीवर टांगला. सन १८५७ च्या विवाहविषयक कायद्यांत त्यांच्या कांहीं सूचना उतरल्या. टाकलेल्या बायकोस आपली कमाई राखतां येऊं लागली. परंतु घटस्फोटासाठीं नवऱ्यास बायकोचा नुसता व्यभिचार पुरे, आणि बायकोस मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा, परित्याग असा आणखी अपराध दाखविणें भाग, ही विषमता तेथें सन १९२३ पर्यंत टिकली. जॉर्ज सन १८७५ त वारला. सन १८७७ च्या मार्चांत बाईंनीं सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशीं पुनर्विवाह केला, आणि त्याच जूनांत त्या निवर्तल्या.

बाई समतावादी होत्या असें आम्ही म्हणत नाहीं. पुरुषाची बरोबरी आपणांस नको, दुबळ्याला जें संरक्षण कायदा देतो तेवढें हवें, अशी त्यांची भूमिका होती. परंतु त्यांच्या चरित्रानें जें सिद्ध झालें तें त्यांच्या भूमिकेहून मोठें आहे.

तें इंग्रजी भांडण आमच्या घरांत कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु तोच माल जहाजांत भरून इकडे आला होता. सन १८६० च्या पिनल कोडाच्या ४९७ व्या कलमानें परस्त्रीगमन करणाऱ्या पुरुषास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली. मात्र त्या स्त्रीच्या नवऱ्याची संमति असली तर गुन्हाच नाहीं! मालकानें परवानगी दिली, मग चोरी कसली? आणि ज्या बाईचा नवरा बाहेरख्याली, तिला या कलमान्वयें फिर्याद करण्याचा अधिकार नव्हता. हें कलम सुप्रीम कोर्टानें २७ सप्टेंबर २०१८ रोजीं रद्द केलें. सन १८६९ च्या घटस्फोट कायद्यानें ख्रिस्ती स्त्रियांवर १८५७ चाच विषम नियम लादला होता. मुंबई हायकोर्टानें तो १९९७ त घटनाविरुद्ध ठरविला, आणि २००१ त पार्लमेंटनें कायदा सुधारला.

कलम गेल्यानें स्वैराचार माजेल, अशी ओरड झाली. आमचें म्हणणें असें कीं, दीडशें वर्षें तें कलम असतां किती नवरे घरीं बसले? व्यभिचारानें विश्वासघात होतो, संसार उध्वस्त होतात, मुलें पोरकीं होतात, हें सर्व खरें; आणि म्हणूनच तो घटस्फोटाचें कारण आहे व असावा. परंतु विश्वासघात ज्याचा झाला त्यानें, मग तो नवरा असो कीं बायको, दाद मागावी, आणि ज्याच्यावर आळ आला त्याचा शब्द आधीं ऐकावा. पातिव्रत्याचे पोवाडे गाणाऱ्यांनीं एकपत्नीव्रताचा हिशोबही त्याच वहींत मांडावा. निष्ठा ही दोघांनीं एकमेकांस दिलेली वस्तु आहे. एकानें दुसऱ्याकडून वसूल करावयाचा तो सारा नव्हे.