ज्यांचा अंदाज आधी चुकला, आजाराला नाव त्यांचंच लागलं : डॉ. नॉर्मन बॅरेट

सक्करदऱ्यात सकाळी तर्री-पोहे हाणले की छातीत जळजळ, मग औषधाच्या दुकानातून एक गोळी. विषय संपला. पण ही जळजळ वर्षानुवर्षं सुरू राहिली, तर एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर कधीकधी एक नाव दिसतं, बॅरेट्स. आता हे बॅरेट कोण?

नॉर्मन बॅरेट १९०३ साली ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये जन्मले. लहानपणीच इंग्लंडला गेले, ईटन आणि केंब्रिजमध्ये शिकले आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये सर्जन झाले. ओढा पोटाच्या आजारांकडे होता, पण फेलोशिपवर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकला गेले आणि छातीचे सर्जन व्हायचं ठरवूनच परतले. १९४७ मध्ये फाटलेली अन्ननलिका शिवून त्यांनी पेशंट वाचवला. तोवर असा पेशंट दगावणार हे जवळपास ठरलेलंच असायचं.

मग आलं १९५०. काही पेशंटच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागात आतडं-जठरासारखं अस्तर दिसत होतं. बॅरेट यांनी लिहिलं, ही अन्ननलिका नाहीच, वर ओढलं गेलेलं जठर आहे. १९५३ मध्ये अ‍ॅलिसन आणि जॉनस्टोन यांनी हे खोडून काढलं. नळी अन्ननलिकेचीच, फक्त अस्तर बदललेलं. १९५७ मध्ये बॅरेट यांनी ते छापून मान्य केलं. एवढा मोठा सर्जन, शिवाय 'थोरॅक्स' या जर्नलचा संपादक, तरी अडून बसला नाही! नाव मात्र त्यांचंच चिकटलं.

पोटातलं आम्ल वारंवार वर आल्याने हा बदल होतो, आणि मोजक्या लोकांत त्यातून कॅन्सर होतो, हे पुढे स्पष्ट झालं. (आपल्याकडे तंबाखू-खर्ऱ्याशी जोडलेला अन्ननलिकेचा कॅन्सर जास्त दिसतो, तो वेगळा प्रकार.)

बॅरेट १९७९ मध्ये गेले. त्या काळात पेशी फार बिघडल्या तर अन्ननलिकाच काढायची, एवढं मोठं ऑपरेशन. आता एंडोस्कोपीतूनच रेडिओ लहरींच्या उष्णतेने खराब अस्तर जाळतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या १२७ पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींवर खरा उपचार, काहींवर नुसता देखावा. वर्षभरात देखाव्याच्या गटात ९.३ टक्के लोकांना कॅन्सर झाला, उपचाराच्या गटात १.२ टक्के. उपचार घेतलेल्यांपैकी ६ टक्के लोकांची अन्ननलिका अरुंद झाली, ती नंतर फुगवून मोकळी करावी लागली. आणि अस्तर परत येऊ शकतं, म्हणून एंडोस्कोपीच्या फेऱ्या पुढेही चालूच राहतात.