विजेला मोजमाप देणारा शिक्षक : जॉर्ज सायमन ओहम

नवी दिल्ली, १५ मार्च : विद्युत उपकरणाचे व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे ठाऊक असले, की त्याचा रोध आणि शक्ती काढणे हे आज शालेय विद्यार्थ्याचे दोन ओळींचे गणित आहे. या गणिताचा पाया ज्या नियमाने घातला, त्यासाठी एका शिक्षकाने आपल्या उमेदीची वर्षे आणि हातची नोकरीही पणाला लावली होती. त्या शिक्षकाचा, म्हणजेच जर्मन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सायमन ओहम यांचा, १६ मार्च हा जन्मदिन.

ओहम यांचा जन्म १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर होते. त्यांचे औपचारिक शिक्षण झालेले नव्हते. मात्र स्वाध्यायाने मिळवलेले गणित आणि विज्ञान त्यांनी मुलांना स्वतः शिकवले. ओहम दहा वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. १८०५ मध्ये त्यांनी एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरील स्केटिंग यांत मुलगा वेळ दवडतो आहे, हे पाहून वडील संतापले. परिणामी तीन सत्रांनंतरच त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये शिक्षकी करीत त्यांनी गणिताचा अभ्यास चालू ठेवला आणि १८११ मध्ये एर्लांगेनलाच परतून डॉक्टरेट मिळवली.

विद्यापीठात स्थिर जागा मिळावी, ही त्यांची आकांक्षा होती. वाट्याला मात्र शाळांतील अध्यापन आले. १८१७ मध्ये ते कोलोन येथील जेझुइट शाळेत रुजू झाले. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती आणि तेथेच त्यांचे खरे संशोधन सुरू झाले. तारेची लांबी वाढवली असता तिच्यातून वाहणारी विद्युतधारा किती घटते, हा त्यांचा प्रश्न होता. अडचण अशी, की त्या काळच्या विद्युतघटांचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलत असे. त्यामुळे १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातील सूत्र अचूक ठरले नाही.

योहान पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी विद्युतघट बाजूला ठेवला. त्याऐवजी त्यांनी बिस्मथ आणि तांबे या धातूंचे दोन सांधे वापरले; एक उकळत्या पाण्याच्या तापमानाला, तर दुसरा बर्फात. दोन्ही तापमाने स्थिर असल्याने दाबही स्थिर राहिला. तारेतून वाहणारी धारा चुंबकसूचीच्या विचलनावरून मोजण्यात आली. १८२६ मधील या मोजमापांतून स्पष्ट झाले, की धारा दाबाच्या सम प्रमाणात, तर परिपथाच्या एकूण रोधाच्या व्यस्त प्रमाणात असते. अर्ध्या वेतनावर रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि १८२७ मध्ये विद्युत परिपथाचे गणिती विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे स्वागत थंडपणे झाले. भौतिकशास्त्रात एवढे गणित अनेकांच्या पचनी पडले नाही. काहींनी तर त्यावर कठोर टीका केली. अपेक्षित पद मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढील काही वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये तुटपुंज्या मिळकतीवर अध्यापन करीत काढली. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथे प्राध्यापकपद मिळाले. ग्रंथानंतर तब्बल १४ वर्षांनी, १८४१ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक बहाल केले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे दाखवून दिले. या दोन नियमांच्या संयोगातून आजचा हिशेब उभा राहतो. दाबाला धारेने भागले की रोध मिळतो. दाबाला धारेने गुणले की शक्ती. २३० व्होल्टवर १० अँपिअर धारा घेणाऱ्या पाणी तापवण्याच्या हीटरचा रोध २३ ओहम, तर शक्ती २,३०० वॅट येते. तो तासभर चालला, तर २.३ युनिट वीज खर्च होते. पुरवठ्याचा दाब २०७ व्होल्टपर्यंत उतरला, तर धारा ९ अँपिअर होते आणि शक्ती १,८६३ वॅटवर येते. दाबातील १० टक्के घटीने शक्ती १९ टक्क्यांनी कमी होते. कमी दाबाच्या दिवशी पाणी तापायला वेळ लागतो, तो यामुळेच.

तापमान कायम असेल तरच रोध कायम राहतो, ही या नियमातील महत्त्वाची अट आहे. तारेच्या दिव्यातील तंतू थंड असताना त्याचा रोध बराच कमी असतो; म्हणून बटण दाबताच क्षणभर मोठी धारा वाहते. पंख्यासारख्या मोटारीवर चालणाऱ्या उपकरणांनाही हे साधे गणित जसेच्या तसे लागू पडत नाही.

आयुष्यभर ज्याची आस धरली, ते म्युनिक विद्यापीठातील प्रायोगिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद ओहम यांना १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी लाभले. अवघ्या दोन वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने रोधाच्या एककाला ओहम हे नाव मान्य केले.